ग्राफ्ट किती ते नंतर, आधी जागा कशी तयार करणार ते विचारा

तासगावकडचे द्राक्षबागायतदार आणि त्यांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा समोर बसले होते. मुलाने अजून डोक्यावरची कॅप काढली नव्हती, तोवर वडिलांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, किती बसवणार? पुण्यात एकानं चार हजार सांगितल्यात."

हेअर ट्रान्सप्लांटला येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन येतो. ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढलेला एक ते चार केसांचा झुबका. पण ती खताची पोती असावीत, जितकी जास्त टाकू तितकं पीक, असा एकंदर समज. मी त्यांना उलटं विचारलं, "काका, बाग लावताना आधी रोपं मोजली का जमीन बघितली?"

"जमीन वो. उतार बघायचा, अंतर धरायचं, मग खड्डं. रोप काय, शेवटाला येतंय."

या ऑपरेशनमध्येही बहुतेक गोष्टी खड्ड्यावरच ठरतात. डोक्याच्या मागून काढलेले केस पुढे लावले तरी आपला टिकाऊ स्वभाव सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं आणि त्यावरच ही शस्त्रक्रिया उभी आहे. म्हणजे केस टिकणार का, हे मागची जागा ठरवते. पण तो दिसणार कसा, कुठल्या बाजूला झुकणार, दाट वाटणार की ब्रशसारखा उभा राहणार, हे ठरतं पुढच्या जागेत पाडलेल्या बारीक चिरांवर. आम्ही त्यांना स्लिट म्हणतो. चीर ज्या कोनात, केस त्याच कोनात. नंतर तेल लावून, विंचरून तो कोन बदलत नाही.

ती जागा, म्हणजे आमच्या भाषेत रेसिपियंट एरिया, कशी तयार करतात हे क्रमाने लिहितो आहे. हे वाचून कुणी घरी काही करायचं नाही, हे उघड आहे. पण तुमच्या डोक्यावर काय होणार आहे हे समजलं की डॉक्टरला काय विचारायचं तेही समजतं.

आधी नुसतं बघायचं

टक्कल पडलेली प्रत्येक जागा लावणीला योग्य नसते. ट्रायकोस्कोप नावाच्या भिंगातून टाळू पाहिली की वंशपरंपरेच्या टक्कलात केस एकदम नाहीसे झालेले दिसत नाहीत. जाड, मध्यम, लोकरीसारखे बारीक, असे सगळे शेजारी शेजारी उभे असतात. याउलट कातडी गुळगुळीत, चकचकीत आणि केसांची छिद्रंच बुजलेली दिसली, कडेच्या केसांभोवती लाली आणि खपल्या दिसल्या, तर मी तिथेच थांबतो. तो लायकेन प्लॅनोपिलॅरिससारखा व्रण सोडणारा आजार असू शकतो. अशा सक्रिय आजारात लावलेले केसही तो खाऊन टाकतो. गरज पडली तर तुकडा काढून तपासायचा आणि आजार औषधाने शांत झाल्यावरही साधारण दोन वर्षं वाट बघायची. चाई पडलेली असेल, तिलाही चिरा नकोत. डोक्यात बुरशी, पुटकुळ्या किंवा जाड कोंडा असेल तर आधी त्याचा इलाज.

मग घराण्याची चौकशी. वडिलांचं डोकं समोर असतंच, पण मामांना आणि आजोळच्या आजोबांनाही विचारात घ्यावं लागतं. बावीस वर्षांच्या पोराला आज पुढचा भाग भरून दिला आणि त्यामागचे माथ्यावरचे केस पुढच्या दहा वर्षांत गेले, तर पुढे एक बेट उरतं. म्हणून पंचविशीच्या आतल्या मुलांना मी बहुतेक वेळा औषधावर ठेवून परत पाठवतो. रागावतात. रागावू देत.

ऑपरेशनच्या आधीचे पंधरा दिवस

रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या: हिमोग्लोबिन आणि पेशी, रक्त गोठण्याची वेळ, साखर, कावीळ ब आणि क, एचआयव्ही. वयानुसार ईसीजी. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ज्या डॉक्टरांनी हृदयासाठी दिली त्यांनाच विचारायचं. आपल्याकडे मिरज शेजारी आहे. १८९४ पासून मिशन हॉस्पिटल असलेलं गाव, तिथे कुठल्याही विषयाचा तज्ज्ञ अर्ध्या तासावर मिळतो, तेव्हा "फोनवर विचारलं होतं" हे कारण चालत नाही.

तंबाखूवर मात्र मी अडून बसतो. सिगारेट तर सिगारेट, पण मावा आणि मिश्रीसुद्धा. निकोटीनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. आपण टाळूवर दोन-अडीच हजार चिरा पाडणार, त्यातल्या प्रत्येक रोपाला पहिले काही दिवस आजूबाजूच्या रक्तावरच जगायचंय, आणि पाटाचं पाणी आपणच बंद करून बसायचं? मधुमेह ताब्यात नसेल तरी हीच अडचण. हे दोन्ही एकत्र आले आणि त्यावर दाट चिरा पाडल्या, तर टाळूचा मधला भाग काळा पडून कातडी मरू शकते. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा फार वाईट होतं.

आणखी एक. आदल्या दिवशी सलूनमध्ये जाऊन वस्तरा मारून येऊ नका. उरलेले केस कुठल्या दिशेने उगवतात, हा आमचा नकाशा असतो. तोच पुसून आलात तर अंदाजाने काम करावं लागतं. सकाळी शॅम्पूने डोकं धुवायचं, तेल लावायचं नाही आणि पुढे बटणं असलेला शर्ट घालून यायचा. टी-शर्ट घातलात तर परत जाताना तो डोक्यावरून काढताना आमचा जीव वर-खाली होतो.

रेघ

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. रुग्णाला बसवून, समोर आरसा धरून. आडवं झोपवून कधीच नाही, कारण झोपल्यावर कपाळाची कातडी सरकते.

आधी भुवया वर करायला सांगतो. कपाळावर सर्वांत वरची जी सुरकुती पडते, तिथे लहानपणीची केसांची सीमा होती. मोठ्या माणसाची सीमा त्याच्याही साधारण दीड सेंटिमीटर वर. दोन भुवयांच्या मधून मोजलं तर मधला बिंदू बहुतेक चेहऱ्यांवर ७ ते १० सेंटिमीटरच्या दरम्यान येतो. नंतर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सरळ वर रेघ नेली की ती जिथे डोक्याच्या बाजूच्या केसांना भेटते, तिथे साधारणपणे कपाळाचा कोपरा येतो. हा कोपरा पुरुषात आत गेलेलाच शोभतो. तो भरून गोल केला की चेहरा बायकी किंवा पोरकट दिसतो, आणि पन्नाशीत तर टोप घातल्यासारखा. स्त्रियांमध्ये उलट, त्यांची सीमा गोल आणि खाली असते, म्हणून पुरुषाचं माप त्यांना लावायचं नाही.

रेघ खाली घ्या म्हणून बहुतेक जण हट्ट धरतात. अर्धा सेंटिमीटर खाली म्हणजे किती, असं त्यांना वाटतं. कपाळाच्या पूर्ण रुंदीत तो अर्धा सेंटिमीटर दोन-तीनशे ग्राफ्ट सहज खातो. तेही सर्वांत दाट लागणारे.

रेघ मार्करने ओढली तरी चिरा रेघेवर पाडायच्या नसतात. निसर्गात सरळ रेघ नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या, टक्कल नसलेल्या माणसाचं कपाळ जवळून बघा. पुढे एकटेदुकटे बारीक केस, कुठे छोटं टोक आलेलं, कुठे खाच, आणि अर्ध्या-एक सेंटिमीटरनंतर खरी दाटी सुरू. माझ्याकडे दुसरीकडून करून आलेला एक तरुण आला होता. पहिल्याच ओळीत तीन-तीन केसांचे ग्राफ्ट, तेही एका सुतात. पाभरीनं पेरल्यासारखे. बिचारा वाऱ्यात गाडीची काच खाली करत नव्हता. ते दुरुस्त करायला त्या ओळीतले जाड ग्राफ्ट काढून, पुढे एकेका केसाची विस्कळीत ओळ करावी लागली.

रेघ ठरली की फोटो काढतो, रुग्णाला दहा मिनिटं आरशासमोर एकटं सोडतो आणि त्यानंतरच त्याची सही घेतो. बेटाडिनने पुसताना मार्कर निघून जातो, त्यामुळे बधिर केल्यावर रेघेवर सुईच्या टोकाने पुसटसे ओरखडे काढून ठेवतो.

आता हिशोब

पारदर्शक प्लास्टिक डोक्यावर ठेवून जागेची बाह्यरेषा उतरवायची आणि ती आलेखाच्या कागदावर ठेवून चौरस मोजायचे. शाळेतलं गणित. समजा ६० चौरस सेंटिमीटर आली. आपल्या लोकांच्या टाळूवर मुळात एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ६५ ते ८५ केसांचे झुबके असतात. एका झुबक्यात एक ते चार केस. तितके परत लावता येत नाहीत आणि लावायची गरजही नसते, कारण मूळच्या निम्मे असले तरी डोळ्याला भरलेलंच दिसतं.

तेव्हा वाटणी अशी: पुढच्या विस्कळीत पट्ट्याचे १० चौरस सेंटिमीटर, दर चौरस सेंटिमीटरला ३०, म्हणजे ३०० ग्राफ्ट, सगळे एकेका केसाचे. त्यामागे ३० चौरस सेंटिमीटर ४० च्या हिशोबाने, १२००, दोन-दोन, तीन-तीन केसांचे. उरलेले २० चौरस सेंटिमीटर ३० ने, ६००. एकूण २१००. तासगावच्या त्या मुलाचा आकडा याच्या जवळपास आला. चार हजारांचा आकडा कुठून आला असेल, ते मी त्यांच्यासमोर बोललो नाही. मागून आयुष्यभरात काढता येणारे ग्राफ्ट मर्यादित असतात आणि सत्ताविसाव्या वर्षी अख्खी कणगी रिकामी करायची नसते, इतकंच सांगितलं.

भाजलेल्या किंवा अपघाताच्या व्रणावर लावायचं असेल तर हे आकडे खाली येतात. तिथे रक्तपुरवठा कमी, कातडी कडक. आधी थोडे ग्राफ्ट लावून सहा-आठ महिने वाट बघावी, मग पुढचं.

बधिर करणं

पुढचे केस दोन-तीन मिलिमीटरवर कातरतो. इतके आखूड की चिरा दिसाव्यात, इतके लांब की दिशा कळावी. जागा स्वच्छ करून कापड लावलं की इंजेक्शन.

भुवयांच्या हाडातून वर येणाऱ्या दोन-दोन नसा आधी बधिर करायच्या, मग रेघेच्या थोडं खाली कपाळावर एका ओळीत. औषध असतं लिग्नोकेन, सोबत अ‍ॅड्रेनॅलिन. अ‍ॅड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आवळतात, रक्त कमी येतं आणि बधिरपणा जास्त टिकतो. डोसचा हिशोब कागदावर लिहूनच करायचा: अ‍ॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेनची कमाल मर्यादा वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम. माणूस ७० किलोचा, तर ४९० मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या औषधात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दिवसभरात साडेचोवीस मिलिलिटर. आणि यातच मागच्या, केस काढायच्या जागेचं औषधही आलं! चूक होते ती इथेच. सकाळी पुढे किती गेलं हे दुपारी कुणाला आठवत नाही. आमच्याकडे सिस्टर भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक सिरिंज लिहितात. ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी वाटणं, कानात आवाज, तोंडात धातूची चव, यातलं काहीही जाणवलं तर लगेच सांगा, हे रुग्णाला आधीच बजावून ठेवायचं. बोटाला ऑक्सिमीटर, दंडाला बीपीचा पट्टा, हाताशी ऑक्सिजन आणि तातडीच्या औषधांचा ट्रे. "एवढं काय, केसच तर लावायचेत" म्हणणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने स्पष्ट केलं की हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं आहे, कार्यशाळा करून किंवा यूट्यूब बघून शिकलेल्याचं नाही. त्यामुळे चिरा कोण पाडणार, हा प्रश्न विचारायला लाजू नका.

कातडी फुगवणं

चिरा पाडायच्या आधी सलाइनमध्ये अगदी पातळ अ‍ॅड्रेनॅलिन मिसळून ते कातडीखाली सोडतात. कातडी हलकी फुगते आणि हाताला कच्च्या पेरूसारखी लागते. याचे फायदे दोन. मोठ्या रक्तवाहिन्या खाली राहतात, पात्याला लागत नाहीत. आणि कातडी ताठ असल्याने चीर नेमकी त्याच कोनात, त्याच खोलीला पडते. सैल कातडीवर पातं सरकतं.

हा फुगवटा फार वेळ टिकत नाही. म्हणून सगळं डोकं एकदम न फुगवता तुकड्या-तुकड्याने घ्यायचं. आणि जास्तही फुगवायचं नाही, कारण पाणी ओसरल्यावर चिरा एकमेकींजवळ सरकतात आणि आपण मोजलेली दाटी मोजल्यापेक्षा जास्त निघते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ आणि पापण्या सुजतात, त्याचं कारण हेच पाणी खाली उतरणं. घाबरायचं नसतं, पण आधी सांगितलेलं नसेल तर आई रात्री दोनला फोन करते.

चिरा

कातडी फुगवण्याआधीच मागून पाच-दहा ग्राफ्ट काढून मोजून घ्यायचे. मुळाची लांबी बहुतेक ४ ते ६ मिलिमीटर भरते. त्याप्रमाणे पात्याची लांबी ठरवायची, म्हणजे ते त्याहून खोल जाणारच नाही. रुंदी ग्राफ्टच्या जाडीवर: एका केसाला ०.६ ते ०.८ मिलिमीटरची चीर किंवा २१ नंबरची सुई, दोन केसांना १९ किंवा २०, तीन-चार केसांना १८. चीर घट्ट असेल तर ग्राफ्ट चेंगरतो किंवा शेजारचा दाबला की उडी मारून बाहेर येतो. ढिली असेल तर रक्त जास्त आणि जखम उगाच मोठी. खोल झाली तर ग्राफ्ट आत बुडतो, वर खळगा पडतो. उथळ झाली तर तो वर राहतो आणि कातडी खडीच्या रस्त्यासारखी उंचसखल होते.

कोनाची गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याच हातून एका रुग्णाचे पुढचे केस पन्नासेक अंशांनी उभे लागले. उगवले सगळे, मोजले तर अंदाजाबरहुकूम. पण त्याचं कपाळ बघितलं की मला आपटलेल्या जोंधळ्याची धाटं आठवायची. तो काही बोलला नाही, केस मागे वळवायला शिकला. त्यानंतर मी भिंगाशिवाय पहिली ओळ केली नाही. पुढची ओळ कातडीला जवळजवळ टेकून, १५ ते २० अंशांत. मागे जाल तसा कोन हळूहळू ३०-४० वर. कानशिलाजवळ केस अगदी आडवे, खाली आणि मागे झुकलेले, तिथे पातं कातडीवर जवळपास झोपवावं लागतं. आणि भोवरा! तिथे एक बिंदू शोधायचा, त्याभोवती उरलेल्या बारीक केसांच्या दिशेने चक्राकार जायचं. बहुतेकांचा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, पण सगळ्यांचा नाही, म्हणून पाठ केलेलं वापरायचं नाही. भोवऱ्याला ग्राफ्ट भरपूर लागतात आणि दिसायला कमी दिसतात. तरुणाला मी तो शक्यतो नंतरसाठी राखून ठेवतो.

ओळीतल्या चिरा एकाखाली एक नकोत, विटांच्या बांधकामासारख्या सांधा चुकवून. असं केलं तर समोरून बघणाऱ्याची नजर फटीतून टाळूपर्यंत पोहोचत नाही. जुने केस असतील तर त्यांच्या समांतर, मधल्या फटीत, मुळाला धक्का न लावता. तरीही आजूबाजूचे काही केस पुढच्या काही आठवड्यांत गळतात. त्याला शॉक लॉस म्हणतात. बारीक झालेले काही कायमचे जातात, बाकीचे परत येतात. हे आधी सांगायचंच.

काम चालू असताना कातडीच्या रंगावर लक्ष. अ‍ॅड्रेनॅलिनने ती फिकट होते, ते ठीक. पण कुठे जांभळट, निस्तेज पट्टा दिसू लागला तर तिथे चिरा थांबवायच्या, आकडा पूर्ण झाला नसला तरी. बोटात टिकटिक करणारं मोजणी यंत्र असतं. त्यात १९०० दिसत असतील आणि कागदावर २१०० असतील, तर कागद खोडायचा.

चिरा आधी की ग्राफ्ट आधी, यावर डॉक्टरांत मतं आहेत. इम्प्लांटर पेनने चीर आणि लावणी एकत्र करणारेही चांगलं काम करतात. माझं मत सरळ आहे: चिरा आधी. ग्राफ्ट शरीराबाहेर जितका वेळ पडून राहतो, तितकी त्याची जगण्याची शक्यता घटते. थंड सलाइनमध्ये ठेवला तरी घड्याळ चालूच असतं. चिरा मात्र वाट बघतात. निवांतपणे, रक्त थांबलेल्या, मोजलेल्या, तपासलेल्या चिरा तयार ठेवून मग मागून केस काढायला घेतले की कुणाची घाई होत नाही.

घरी जाताना

शेवटी ओलं गॉज दाबून धरायचं, भिंगाखाली एक फेरी मारायची, कुठली चीर रिकामी तर नाही ना बघायचं. घरी पहिले काही दिवस डोकं उंच ठेवून झोपायचं, सलाइनचा फवारा, पहिलं धुणं दवाखान्यात. दहा दिवसांत खपल्या निघतात. तोवर हेल्मेट नाही, बागेत फवारणी नाही, ऊन नाही. आणि हळद नाही! आपण हळदीच्या पेठेत राहतो, कापलं-खरचटलं की हात आपोआप डब्याकडे जातो, पण या जखमेवर पूड टाकली की चिरांत बसते आणि खपल्या धरते.

लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात, मूळ आत राहतं. नवी उगवण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, खरं दिसणं वर्षाच्या आसपास.

हे ऐकल्यावर तासगावचे काका एकदम गप्प झाले. मुलाचं लग्न मार्गशीर्षात धरलं होतं आणि आमची भेट दिवाळीच्या तोंडावर. हळदीला डोक्यावर तेल-हळद, लग्नात तासन्‌तास घट्ट बांधलेला फेटा, आणि फोटोत नेमके गळतीचे दिवस. मी म्हटलं, "लग्न होऊ द्या, बागेचा माल जाऊ द्या, जूनमध्ये या. ऊन आणि घाम दोन्ही कमी." मुलगा जरा हिरमुसला. काकांनी त्याची कॅप उचलून त्याच्याच हातात दिली.

"मुलीनं बघितलंय की बिनटोपीचं. ती हो म्हणाली, मग फेटा हायच."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो बायकोला घेऊन आला. रेघ किती खाली घ्यायची, यावर या वेळी ती वाद घालत होती.